गाडीचा पंखा फिरेना? क्रमाने तपासा, इंजिन वाचवा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. यावेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. गटातून फिरताना आता बऱ्याच सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी चारचाकी गाडीही उभी दिसते. कुणी जुनी घेतली, कुणी उसाचे बिल जमा झाल्यावर नवी घेतली. ही गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री दवाखाना, पोरांची परीक्षा, बाजार, लग्नकार्य, सगळे तिच्यावर चालते. तीच गाडी ऐन वेळी तापून रस्त्यात उभी राहिली तर काय हाल होतात, हे ज्याचे त्याला माहीत.

गळीत हंगामात तर ही तक्रार हमखास कानावर येते. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि ट्रक यांची रांग लागते. मागे अडकलेली मोटार पाऊणपाऊण तास इंजिन चालू ठेवून पावलापावलाने सरकते. मग सभासद म्हणतात, "साहेब, गाडी पळताना काही होत नाही. उभी राहिली की काटा वर चढतो. फॅनच लागत नाही बघा." आम्ही विचारतो, "तात्या, मग दाखवली का कुणाला?" उत्तर येते, "दाखवायची आहे, पण सध्या चालतंय की!"

हे 'चालतंय की' महागात पडते. पंखा न फिरणे हा दोष बहुधा किरकोळ असतो. एखादा फ्यूज, एखादा रिले, गंजलेली एक वायर. पण त्याकडे काणाडोळा केला तर इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट उडते आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजला पडते. म्हणून हा दोष क्रमाने कसा शोधायचा ते आज सांगत आहोत. विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपण जे करतो, तेच इथे करायचे आहे.

पंख्याची गरज केव्हा लागते?

इंजिनात जे इंधन जळते, त्यातील साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणारे पाणी घेऊन जाते. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि वाऱ्याने थंड होऊन परत इंजिनात येते. गाडी ५०-६० च्या वेगाने पळत असली की समोरून येणारा वारा पुरतो. गाडी थांबली की वारा थांबतो. तेव्हा वारा ओढण्याचे काम पंख्याला करावे लागते. म्हणून पळताना काटा जागेवर आणि थांबल्यावर काटा वर, हे पंखा न फिरण्याचे पहिले लक्षण समजावे. उलट, मोकळ्या रस्त्याला पळतानाही गाडी तापत असेल, तर दोष पंख्याचा नसून पाणी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांपैकी कशाचा तरी आहे, असे धरून चालावे.

जुन्या अँबॅसिडरला, प्रीमियर पद्मिनीला आणि जीपला पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. आपल्या ट्रॅक्टरलाही तसाच असतो. इंजिन चालू की पंखा चालू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे इंजिनाची पुली रेडिएटरकडे न येता बाजूला येते. पट्ट्यावर पंखा फिरवणे जमेना, म्हणून विजेच्या मोटरचा पंखा आला. आज बहुतेक मोटारींना असाच पंखा असतो. तो सतत फिरत नाही. पाणी ठराविक उष्णतेला पोचले की लागतो आणि पाणी थोडे निवले की आपोआप बंद होतो. लागण्याची उष्णता गाडीगणिक बदलते, पण साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांना दोन पंखे असतात. एक रेडिएटरचा, दुसरा एसीच्या जाळीचा जादा पंखा. एसी लावला की जादा पंखा लागतो आणि पाणी फार तापले तरीही तो मदतीला येतो. काही गाड्यांत मुख्य पंखा पट्ट्यावर असतो आणि जादा पंखा तेवढा विजेचा असतो. आपल्या गाडीला कोणती रचना आहे, हे एकदा बॉनेट उघडून दिवसाउजेडी पाहून ठेवावे.

कुणी म्हणेल, पाणी तर १०० अंशाला उकळते, मग ९५-१०० ला पंखा लागून उपयोग काय? इथे आपल्या कारखान्याचीच आठवण करावी. पॅनमध्ये हवा काढून दाब कमी करतात, म्हणून रस ६५-७० अंशांच्या आसपास उकळतो आणि साखर करपत नाही. रेडिएटरमध्ये याच्या उलट आहे. झाकणातील स्प्रिंग दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशाला उकळत नाही. झाकणावर ०.९ लिहिलेले असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळी धरत नाही. म्हणजेच झाकणाचे रबर खराब झाले तर पंखा चांगला असूनही पाणी उकळून बाहेर येते. झाकण ही स्वस्त वस्तू आहे, तिच्यावरून वाद घालू नये.

हात लावण्याआधी चार पथ्ये

पहिले, गरम इंजिनाच्या रेडिएटरचे किंवा पाण्याच्या बाटलीचे झाकण कदापि उघडू नये. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखे ते आहे. आतील पाणी वाफ होऊन तोंडावर आणि छातीवर उडते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा रबरी पाईप हाताने दाबला जाईल इतका निवल्यावर जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे.

दुसरे, पंख्यात हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर सोडावी. अनेक गाड्यांत चावी काढली तरी पंखा आपोआप फिरू लागतो. "गाडी तर बंद आहे" म्हणून बोटे घालणे धोक्याचे आहे. धोतराचा सोगा, उपरणे, पदर, ओढणी सांभाळावी.

तिसरे, फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालू नये. विहिरीवरच्या डीपीला तार टाकून मोटर जाळल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. गाडीत तर वायरिंग पेट घेते.

चौथे, तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या झालेल्या रेडिएटरमध्ये एकदम गार पाणी ओतू नये. गरम धातूला तडा जातो.

रस्त्यात काटा चढला तर

आधी एसी बंद करावा. त्यानंतर गाडीतला हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण वेगावर लावावा. उन्हाळ्यात हे ऐकून हसू येईल, पण हीटर हा लहान रेडिएटरच आहे. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. काचा उघडाव्यात. पुढे रस्ता मोकळा असेल तर थोडे पळवल्याने काटा खाली येतो. तो येत नसेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंदच करावे. खंबाटकीसारख्या घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढताना "वर गेल्यावर थांबू" असे म्हणू नये. हेड वाकायला तेवढा चढ पुरेसा होतो.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, लाल म्हणजे तापले आहे. लाल दिवा हा सल्ला नव्हे, हुकूम समजावा.

आता तपासणी: पाट चालत जाणे

शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही तर आपण काय करतो? उगमापासून पाट चालत जातो, कुठे फुटला, कुठे तुंबला ते बघतो. इथे वीज बॅटरीपासून निघून फ्यूज, रिले आणि वायर या वाटेने पंख्याच्या मोटरला पोचते आणि अर्थिंगने परत येते. मधे एक पहारेकरी असतो. तो म्हणजे पाण्याची उष्णता पाहणारा फॅन स्विच किंवा सेन्सर. दोष या वाटेवरच कुठेतरी असतो.

लागणारे साहित्य थोडे आहे. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकाला चिमटे, एवढा टेस्ट लँप घरीच होतो. एक पक्कड, एक पॉलिश पेपर आणि हाताशी दोन जादा फ्यूज असावेत.

पायरी १. पाणी आहे का? सगळ्यांत आधी, थंड इंजिनावर, पाणी पाहावे. पुष्कळदा पंखा, मोटर, फ्यूज सगळे शाबूत असते आणि पाणीच कमी असते. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच त्याला खरी उष्णता कळते. पाणी खाली गेले किंवा आत हवा अडकली की सेन्सर हवेत राहतो. इंजिन भाजत असते आणि सेन्सर मात्र 'सर्व ठीक' सांगतो. पाणी कमी असेल तर भरावे आणि ते गेले कुठे याचा शोध घ्यावा.

पायरी २. वरचा आणि खालचा पाईप. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून दूर राहून, रेडिएटरचे दोन्ही पाईप हाताने बेताने चाचपावेत. वरचा चटका देणारा आणि खालचा थंडगार असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नसण्याचा संभव आहे. ज्या गाड्यांचा फॅन स्विच रेडिएटरवरच बसवलेला असतो, त्यांत गरम पाणी स्विचपर्यंत पोचतच नाही, मग पंखा कसा लागणार? इथे पंख्याला दोष देऊन उपयोग नाही.

पायरी ३. एसी लावून पाहणे. इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. एसीवर पंखा फिरला, पण नुसत्या उष्णतेवर फिरत नाही, तर त्या पंख्याची मोटर आणि फ्यूज चांगले आहेत. संशय फॅन स्विच, सेन्सर किंवा त्यांच्या वायरींवर घ्यावा. दोन पंखे असतील तर कोणता फिरला हे नीट बघावे. एक फिरताना पाहून 'पंखा चालू आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. एसीवरही पंखा फिरला नाही, तर पुढच्या पायऱ्या घ्याव्यात. मात्र एसीतला गॅस संपला असेल तर एसी स्वतःच चालू होत नाही आणि त्यामुळेही पंखा थांबून राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

पायरी ४. फ्यूज. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर पंख्याचे चित्र किंवा नाव असते. एक पेटी बॉनेटखाली, दुसरी बहुधा डॅशबोर्डखाली. फ्यूज ओढून काढून उजेडात धरावा, आतील पट्टी तुटलेली दिसते. नेहमीच्या चपट्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. जितक्या अँपिअरचा निघाला तितक्याच अँपिअरचा घालावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालत बसू नये. त्याचा अर्थ मोटर जाम झाली आहे किंवा वायर कुठेतरी घासून पत्र्याला लागली आहे.

पायरी ५. रिले. रिले म्हणजे आपल्या पंपाचा स्टार्टरच. पंख्याच्या मोटरला दहा-वीस अँपिअर करंट लागतो. तो नाजूक स्विचमधून नेला तर स्विच जळेल. म्हणून लहान करंट रिलेच्या कॉइलला देतात, कॉइल पट्टी ओढते आणि मोठा करंट मोटरकडे सुटतो. पट्टी ओढल्याचा 'टक्' आवाज बोटाला जाणवतो. तपासायचा सोपा उपाय म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो पंख्याच्या जागी लावून पाहावा. पंखा फिरला तर जुना रिले गेला. रिले टक् करतो आणि तरी पंखा फिरत नाही, अशीही वेळ येते. तेव्हा आतील पट्ट्या जळालेल्या असू शकतात. स्टार्टरचे पॉइंट जळाल्यावर असेच होते, हे सभासदांना सांगायला नको.

पायरी ६. मोटरच्या तोंडाशी वीज आहे का? पंख्याच्या मोटरला जाणारे कनेक्टर सोडावे. एसी लावून किंवा इंजिन तापवून, टेस्ट लँपचे दोन चिमटे कनेक्टरच्या दोन पिनांना लावावेत. बल्ब लागला तर वीज आणि अर्थिंग दोन्ही पोचतात, संशय मोटरवर घ्यावा. बल्ब लागला नाही, तर एक चिमटा वीज येणाऱ्या पिनेवरच ठेवून दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा. आता लागला तर वीज आहे, अर्थिंग तुटले आहे. तरीही लागला नाही तर वीजच येत नाही, मागे रिलेकडे चालत जावे. काही गाड्यांत वीज सतत येते आणि स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो. त्या गाडीत हिशेब उलट करावा.

इथे एक बारकावा आहे. लाईट कमी दाबाने आली की घरातला बल्ब लागतो पण विहिरीवरची मोटर उचलत नाही. गाडीतही गंजलेल्या जोडातून लहान बल्बापुरती वीज येते, मोटरपुरती येत नाही. म्हणून शंका असेल तर इंडिकेटरच्या बल्बाऐवजी हेडलाइटचा ५५-६० वॉटचा बल्ब लावून पाहावा. तो मंद लागला तर जोड खराब आहे, असे पक्के समजावे.

पायरी ७. मोटरला थेट वीज. आधी पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे. घट्ट असेल तर बेअरिंग किंवा बुश धरले आहे. मग बॅटरीपासून एक फ्यूज घातलेली वायर आणि एक अर्थिंगची वायर थेट मोटरला द्यावी, हात लांब ठेवून. पंखा जोरात फिरला तर मोटर चांगली. फिरला नाही, पण मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर फिरू लागला, तर कार्बन झिजले आहेत. ठोकून चालवलेली मोटर चार दिवस चालेल, पुढच्या रांगेत पुन्हा दगा देईल.

पायरी ८. फॅन स्विच आणि सेन्सर. जुन्या, साध्या गाड्यांत दोन वायरींचा फॅन स्विच असतो. चावी चालू करून त्याचे कनेक्टर काढावे आणि दोन वायरी एका तुकड्याने जोडाव्यात. पंखा ताबडतोब फिरला तर बाकी सगळे ठीक, स्विच बदलावा. बदलण्याआधी खात्री हवी असेल तर काढलेला स्विच पातेल्यातल्या तापत्या पाण्यात बुडवून टेस्ट लँपवर पाहता येतो. पाणी उकळीला आले तरी स्विच जोडत नसेल तर तो बहुधा गेला. स्विचवर कोरलेल्या अंशांशी मात्र ताडून पाहावे. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून ५००-६०० मीटर उंचीवर उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा १०० अंशांचा चांगला स्विचही त्यात जोडणार नाही.

नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. सेन्सर फक्त उष्णता कळवतो आणि पंखा लावण्याचा हुकूम संगणक देतो. या गाड्यांत वायरी जोडण्याचा प्रयोग करू नये. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना सेन्सरचे कनेक्टर काढले की संगणक सावधगिरी म्हणून पंखा लावतो. तसा तो लागला तर पंखा, रिले, फ्यूज ठीक आहेत, असे कळते. मात्र डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि तो मशीन लावून काढावा लागू शकतो. इथून पुढचे काम स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडे द्यावे.

एका सभासदाच्या गाडीचे उदाहरण

एका सभासदाच्या गाडीचा पंखा बंद पडला. गॅरेजवाल्याने मोटर बदलली. पंखा एक दिवस फिरला, पुन्हा बंद. मग रिले बदलला. पुन्हा तेच. खर्च होत राहिला आणि गाडी उन्हात उभी. शेवटी गटातल्याच एका वायरमनने टेस्ट लँप लावला. वीज येत होती, अर्थिंग नव्हते. बॅटरीखालच्या पत्र्याला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट गंजून पोकळ झाला होता. हलवले की लागायचा, म्हणून मोटर बदलताना हात लागला तेव्हा एक दिवस पंखा चालला. पॉलिश पेपरने बोल्ट घासून घट्ट केला आणि काम झाले. पाट न चालता थेट शेवटच्या सरीत खणत बसले की असे होते.

आपल्या भागातले खास शत्रू

उंदीर हा पहिला. उसाच्या फडाजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी केली की रात्री उंदीर उबेला इंजिनात शिरतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर चालू करण्याआधी बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात.

दुसरा शत्रू पाचट, भुसा आणि धूळ. रेडिएटर आणि एसीची जाळी यांच्या फटीत पाचटाचे तूस आणि बारीक भुसा गच्च बसतो. पंखा जोरात फिरतो पण वारा आरपार जात नाही. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने जाळीच्या पट्ट्या वाकतात आणि पाणी कनेक्टरमध्ये शिरून पुढचा गंज सुरू होतो.

तिसरा शत्रू खारे पाणी. आपल्या बोअरचे पाणी ठिबकच्या नळ्यांची तोंडे कशी बंद करते ते आपण पाहतोच. कारखान्याच्या बॉयलरला कुणी बोअरचे पाणी तसेच सोडत नाही. मग गाडीच्या बारीक नळ्यांना तरी ते का पाजावे? बाजारात तयार कूलंट मिळते, ते गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे भरावे. अडचणीत साधे पाणी घालावे लागले तर नंतर बदलून घ्यावे. मात्र कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर लागते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, अंगणात उघडे ठेवू नये. कुत्री, वासरे आणि लहान मुले यांच्या जिवाला त्यापासून धोका आहे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर असल्याने वरची विजेची तपासणी तिथे लागू नाही. तिथे पट्टा पाहावा. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त ढिला असेल तर पंखा घसरतो, फार ताणलेला असेल तर वॉटर पंपाचे बेअरिंग जाते. पट्ट्याला तडे गेले असतील तर हंगाम सुरू होण्याआधीच बदलावा. उसाची भरलेली ट्रॉली फडातून ओढताना रेडिएटरची जाळी दररोज साफ करावी.

लक्षणावरून अंदाज

• एसीवर पंखा फिरतो, उष्णतेवर नाही: फॅन स्विच, सेन्सर, कमी पाणी.
• कशानेच फिरत नाही, फ्यूज उडालेला: जाम मोटर किंवा घासलेली वायर.
• फ्यूज चांगला, रिलेचा आवाज नाही: रिले किंवा त्याला हुकूम देणारी वायर.
• रिलेचा आवाज आहे, पंखा नाही: रिलेच्या पट्ट्या, वायर, अर्थिंग, मोटर.
• ठोकल्यावर फिरतो: मोटरचे कार्बन.
• मंद वेगाला फिरत नाही, एकदम जोरात लागतो: वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला.
• मोटर बदलल्यावर फिरतो पण गाडी तापते: वायरी उलट्या जोडल्याने पंखा उलटा फिरत आहे. कागदाचा तुकडा बॉनेटसमोर जाळीशी धरावा, तो आत ओढला गेला पाहिजे.
• पंखा फिरतो, पाणी वारंवार कमी होते, ऑइल दुधाळ दिसते: हेड गॅस्केट. गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

शेवटी

दर महिन्याला एकदा, घरासमोर, इंजिन चालू ठेवून उभे राहावे. काटा मध्यावर येऊन पंखा लागतो का, लागून पुन्हा बंद होतो का, एवढे पाहावे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. पंखा न लागता काटा मध्याच्या वर सरकू लागला तर इंजिन लगेच बंद करावे. दोष घरासमोर सापडला तर एका फ्यूजवर भागते. तोच रात्री दवाखान्याच्या वाटेवर, मागच्या सीटवर बाळंतपणाची लेक असताना सापडला, तर त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

उसावर लोकरी मावा किंवा हुमणी दिसली की आपण "सध्या चालतंय की" म्हणत नाही. पहिल्या झाडावरच उपाय करतो. गाडीच्या बाबतीतही तोच नियम पाळावा. काटा एकदा जरी नेहमीपेक्षा वर गेला, तरी त्याच आठवड्यात वरील क्रमाने तपासणी करावी. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी पाणी, झाकण, जाळी आणि फ्यूज एवढेच स्वतः पाहावे आणि बाकीचे जाणत्या माणसाकडून समोर उभे राहून करून घ्यावे. कोणता भाग बदलायचा हे टेस्ट लँपने ठरू द्यावे, अंदाजाने नव्हे.

हे पान कापून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे, अशी सर्व सभासदांना विनंती.